दोन चौकशी अहवाल आणि फायलीबाहेर पडलेला एक अधिकारी : के. सुब्रह्मण्यम

२ सप्टेंबर १९६३. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण लोकसभेत निवेदन करण्यास उभे राहिले. विषय होता आदल्या वर्षीच्या चीनयुद्धातील पराभवाच्या लष्करी चौकशीचा. लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी ही चौकशी केली होती. प्रशिक्षण, साधनसामग्री, सेनाधिकाऱ्यांची क्षमता, आदेशाची साखळी या मुद्द्यांवर चौकशीतून काय निघाले याचा गोषवारा चव्हाणांनी सभागृहापुढे मांडला. मूळ अहवाल मात्र त्यांनी सभागृहापुढे ठेवला नाही आणि त्यानंतरच्या एकाही सरकारने तो अधिकृतपणे खुला केलेला नाही.

२३ फेब्रुवारी २०००. कारगिलच्या लढाईला वर्षही झाले नव्हते आणि त्या लढाईचा आढावा घेणारा अहवाल संसदेच्या पटलावर आला. सुरक्षेच्या कारणास्तव त्यातील काही भाग वगळलेला होता. पण उरलेला अहवाल त्याच वर्षी पुस्तकरूपाने बाजारात आला आणि कोणालाही दुकानात जाऊन विकत घेता येऊ लागला.

पहिल्या तारखेला जे घडले नाही ते दुसऱ्या तारखेला का घडू शकले, याची कारणे अनेक आहेत. त्यांतील एका कारणाचे नाव कृष्णस्वामी सुब्रह्मण्यम. आजचा थ्रेड त्यांच्यावर.

आज बहुतेकांना ते परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांचे वडील म्हणून ठाऊक असतात. इतिहासाच्या विद्यार्थ्यांना त्यांचे दुसरे एक चिरंजीव अधिक जवळचे वाटतील : हिंदी महासागरातील व्यापारावर आणि पोर्तुगीजांवर लिहिणारे इतिहासकार संजय सुब्रह्मण्यम. पण वडिलांची स्वतःची कारकीर्द या दोन्ही ओळखींपेक्षा मोठी आहे आणि बरीच गुंतागुंतीचीही.

जन्म १९ जानेवारी १९२९, तिरुचिरापल्ली. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले आणि १९५१ च्या तुकडीतून भारतीय प्रशासन सेवेत प्रवेश केला. जिल्ह्याचा कारभार, मग राज्याचे सचिवालय, मग दिल्ली अशा ठरलेल्या वाटेने जाणारे हे आयुष्य होते. साठच्या दशकाच्या पूर्वार्धात ते संरक्षण मंत्रालयात उपसचिव होते.

तो काळ कसा होता हे समजून घेतल्याशिवाय पुढचे कळणार नाही. नोव्हेंबर १९६२ मध्ये कृष्ण मेनन पायउतार झाले आणि महाराष्ट्राचे मुख्यमंत्रिपद सोडून चव्हाण दिल्लीला गेले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे जे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत, ते याच प्रसंगाचे. त्यांच्या हाती आलेले मंत्रालय हादरलेले होते. सव्वाआठ लाखांचे सैन्य आणि ४५ स्क्वॉड्रनचे हवाई दल उभारण्याचा पंचवार्षिक संरक्षण आराखडा आखला गेला तो या धक्क्यातूनच. पैसा आला, तोफा आल्या, डोंगराळ युद्धासाठी नव्या डिव्हिजन आल्या. जे नव्हते ते म्हणजे या साऱ्याचा सलग विचार करणारे मनुष्यबळ. सनदी अधिकारी तीन-चार वर्षांसाठी येत आणि शेती किंवा महसूल खात्यात निघून जात. सेनाधिकाऱ्यांना युद्ध ठाऊक होते, पण धोरणाच्या टेबलाशी त्यांना जागा नव्हती. विद्यापीठांत या विषयाला जवळजवळ स्थान नव्हते आणि संसदेत संरक्षणविषयक प्रश्नाला जनहिताचे कारण सांगून बगल देता येत असे.

अशा वेळी, १९६५ चे युद्ध थांबून दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, ११ नोव्हेंबर १९६५ रोजी दिल्लीत ‘इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स स्टडीज अँड अ‍ॅनालिसिस’ ही संस्था स्थापन झाली. संक्षेपाने आयडीएसए. तिच्यामागचा पुढाकार चव्हाणांचा होता. पैसा मुख्यतः संरक्षण मंत्रालयाचा, पण रचना स्वायत्त संस्थेची. मला यातील विसंगती फार बोलकी वाटते. ज्या मंत्र्याने १९६३ मध्ये एक अहवाल कुलुपात राहू दिला, त्यानेच दोन वर्षांनी संरक्षणावर उघडपणे विचार करणारी जागा निर्माण केली. चव्हाणांवर मराठीत इतके लिहिले गेले आहे, पण ही संस्था त्या लेखनात बहुधा एका ओळीपुरतीच येते.

संस्थेचे पहिले संचालक मेजर जनरल सोम दत्त. दरम्यान सुब्रह्मण्यम १९६६-६७ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सामरिक अभ्यासासाठी गेले होते. शीतयुद्धाच्या त्या वर्षांत अमेरिका आणि ब्रिटनमध्ये अण्वस्त्रे, प्रतिरोध, शस्त्रनियंत्रण यांवर गणिती, अर्थशास्त्रज्ञ आणि इतिहासकार उघडपणे वाद घालत होते. त्यातले कितीतरी जण सरकारी नोकर नव्हते. मद्रास केडरच्या एका अधिकाऱ्याला हे दृश्य नवे होते. परत आल्यावर, १९६८ मध्ये, ते आयडीएसएचे संचालक झाले. वय ३९.

नोकरशाहीच्या हिशेबात ही बढती नव्हे. सही करायला फाइल नाही, बदल्या-नेमणुकांचा अधिकार नाही, बराखंबा रोडवरच्या सप्रू हाऊसमधील जागा, ग्रंथालय आणि थोडे संशोधक. दिल्लीत अशा जागेला अडगळीची जागा म्हणतात. सुब्रह्मण्यम यांनी या अडगळीचे काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

त्यांच्याकडे गुप्त कागद नव्हते, म्हणून त्यांनी उघडे कागद गोळा करायला सुरुवात केली. परदेशी नियतकालिके, अमेरिकी काँग्रेसपुढील साक्षी, पाकिस्तान आणि चीनमधील वृत्तपत्रांतील मजकूर, अंदाजपत्रकांचे आकडे. याच काळात संस्थेचे त्रैमासिक सुरू झाले, परदेशी लेखांचे पुनर्मुद्रण करणारे ‘स्ट्रॅटेजिक डायजेस्ट’ निघाले, चीन आणि दक्षिण आशियावरील बातम्यांचे संकलन नियमित प्रसिद्ध होऊ लागले. शिवाय ते स्वतः वृत्तपत्रांत सतत लिहीत राहिले. खासदार, पत्रकार, प्राध्यापक, निवृत्त सेनाधिकारी यांना वाद घालण्यासाठी एक समान साठा मिळाला. इतिहासाच्या विद्यार्थ्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको : कागद उपलब्ध झाल्याशिवाय वाद सुरू होत नाही.

आणि मग आले १९७१.

२५ मार्चच्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात कत्तल सुरू केली. ३१ मार्चला, म्हणजे एका आठवड्याच्या आत, दिल्लीत ‘इंडियन कौन्सिल ऑफ वर्ल्ड अफेअर्स’च्या परिसंवादात सुब्रह्मण्यम यांनी असे म्हटले की पाकिस्तानचे तुकडे होणे भारताच्या हिताचे आहे आणि अशी संधी पुन्हा येणार नाही. दुसऱ्या दिवशी ते वृत्तपत्रात आले. सरकारची अधिकृत भूमिका त्या वेळी अत्यंत सावध होती आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थेचा संचालक जाहीरपणे हे बोलत होता. भारताने आधीपासूनच कट रचला होता याचा पुरावा म्हणून हे विधान पाकिस्तानी लेखनात आजही उद्धृत होते.

त्यांचा युक्तिवाद केवळ भावनेचा नव्हता. निर्वासितांचा लोंढा वाढत जाईल आणि त्यांना पोसण्याचा खर्च युद्धाच्या खर्चाहून जड ठरेल, असा हिशेब त्यांनी मांडला होता. लोंढ्याविषयीचा अंदाज खरा ठरला. वर्षअखेरीस निर्वासितांची संख्या सुमारे एक कोटीवर गेली. मात्र लष्करी कारवाई लवकर करावी हा त्यांचा आग्रह सरकारने मानला नाही. पावसाळा, सैन्याची तयारी, ९ ऑगस्टचा सोव्हिएत संघाशी करार, हे सारे होऊन युद्ध डिसेंबरात झाले आणि १६ तारखेला ढाका पडले.

इथे माझे मत सांगतो. घाईच्या बाबतीत सरकार बरोबर होते आणि सुब्रह्मण्यम चुकीचे, असे मला वाटते. एप्रिल-मेमध्ये युद्ध छेडले असते तर पूर्व बंगालच्या नद्या आणि चिखल यांनीच सैन्य अडवले असते. ‘संधी’ हा शब्दही, ढाक्याच्या विद्यापीठात प्रेते पडलेली असताना, फार थंड आहे. पण युद्धाच्या प्रश्नावर सरकारहून वेगळे मत सरकारी अनुदानावरच्या संस्थेतून उघडपणे मांडले गेले, आणि संचालक आपल्या जागेवर राहिला, हे तितकेच नोंदवण्याजोगे आहे. तो आणखी चार वर्षे संचालक होता. पुढच्याच वर्षी मोहम्मद अयूब यांच्यासह त्यांनी ‘द लिबरेशन वॉर’ हे पुस्तकही लिहिले.

१९७५ मध्ये ते आयडीएसएतून बाहेर पडले. यानंतरचा टप्पा त्यांच्या गौरवपर लेखांत घाईने उरकला जातो. आणीबाणीच्या काळात ते तमिळनाडूचे गृहसचिव होते. ३१ जानेवारी १९७६ रोजी करुणानिधींचे सरकार बरखास्त झाले, राष्ट्रपती राजवट आली, द्रमुकचे कार्यकर्ते तुरुंगात गेले. उघड चर्चेचा पुरस्कार करणारा माणूस त्या काळात अशा राज्याच्या गृहखात्याच्या प्रमुखपदी होता, ही गोष्ट त्यांच्या चरित्रकाराला टाळता येणार नाही. सनदी अधिकारी नेमणूक निवडत नाही हे खरे. तरीही.

१९७७ नंतर संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष, १९७९ मध्ये संरक्षण उत्पादन सचिव. म्हणजे सरकारी शिडीच्या जवळजवळ टोकाला ते पोहोचले होते. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या आणि त्यांनी पदावरून दूर केलेले पहिले सचिव आपले वडीलच होते, असे जयशंकर यांनी २०२३ मध्ये एका मुलाखतीत सांगितले. पुढे राजीव गांधींच्या काळात कनिष्ठ अधिकाऱ्याला कॅबिनेट सचिव करून त्यांना डावलले गेले, असेही ते म्हणाले. मुलाचे हे कथन आहे आणि तो मुलगा आज दुसऱ्या पक्षाचा मंत्री आहे, हे ध्यानात ठेवून ते वाचावे. तारखांपुरते बोलायचे तर १९८० मध्ये सुब्रह्मण्यम मंत्रालयातून निघाले आणि पुन्हा आयडीएसएचे संचालक झाले.

पहिल्या खेपेला ते तिथे तरुण अधिकारी म्हणून गेले होते. दुसऱ्या खेपेला गेले ते युद्धखात्याचा कारखानदारी भाग आणि गुप्तवार्तेचे छाननीकेंद्र आतून पाहिलेला माणूस म्हणून. १९८७ पर्यंतची ही सात वर्षे प्रामुख्याने अण्वस्त्रवादाची होती. १९६८ च्या अण्वस्त्रप्रसारबंदी कराराला त्यांचा पहिल्यापासून विरोध होता. पाच राष्ट्रांना बाळगण्याचा हक्क आणि बाकीच्यांना उपदेश, ही रचना त्यांना अमान्य होती. त्यांचे म्हणणे दोन पायांवर उभे होते. चीनकडे आणि पुढे पाकिस्तानकडे बॉम्ब असताना भारताकडे तो असलाच पाहिजे, हा एक. बॉम्ब हे लढण्याचे हत्यार नसून समोरच्याला आवरण्याचे राजकीय साधन आहे, म्हणून तो थोडाच पुरे, हा दुसरा. त्यामुळे शांततावादी त्यांना युद्धखोर म्हणत आणि मोठ्या अण्वस्त्रसाठ्याचे पुरस्कर्ते त्यांना मिळमिळीत समजत. दोन्ही बाजूंच्या शिव्या खाणारा लेखक वाचायला नेहमी रंजक असतो.

याच काळातला एक प्रसंग मध्येच सांगायला हवा. ऑगस्ट १९८४ मध्ये इंडियन एअरलाइन्सचे एक विमान पळवून लाहोर, कराची मार्गे दुबईला नेण्यात आले. दिल्लीत त्या प्रकरणाची हाताळणी करणाऱ्या चमूत एक तरुण परराष्ट्रसेवा अधिकारी होता. घरी येता येत नाही, विमान पळवले आहे, हे सांगायला त्याने आईला फोन केला तेव्हा त्याला कळले की वडील त्याच विमानात आहेत. तो अधिकारी म्हणजे जयशंकर. ही आठवण त्यांनीच २०२४ मध्ये जिनिव्हात सांगितली. प्रवासी सुखरूप सुटले.

निवृत्तीनंतर सुब्रह्मण्यम पत्रकारितेत गेले. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ आणि ‘इकॉनॉमिक टाइम्स’मधील त्यांच्या लेखांवर एक पिढी वाढली. मे १९९८ मध्ये पोखरणला चाचण्या झाल्या आणि त्यानंतर स्थापन झालेल्या राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार मंडळाचे ते पहिले निमंत्रक झाले. या मंडळाने तयार केलेला अण्वस्त्र धोरणाचा मसुदा १७ ऑगस्ट १९९९ रोजी जाहीर झाला : प्रथम वापर नाही, विश्वासार्ह पण किमान प्रतिरोध, निर्णय नागरी नेतृत्वाच्या हाती. एखादे अण्वस्त्रधारी राष्ट्र आपला मसुदा चर्चेसाठी रस्त्यावर आणून ठेवते ही असाधारण गोष्ट होती. ४ जानेवारी २००३ रोजी सरकारने धोरण अधिकृत केले, तेव्हा लोकांच्या हाती आले ते एक छोटेसे प्रसिद्धिपत्रक. मसुदा लांब, अंतिम धोरण आखूड. कागद पुन्हा आत जायला लागला की असे होते.

आता कारगिल. २६ जुलै १९९९ रोजी लढाई संपली आणि २९ जुलैला सरकारने आढावा समिती नेमली. अध्यक्ष सुब्रह्मण्यम, सदस्य लेफ्टनंट जनरल के. के. हजारी आणि पत्रकार बी. जी. वर्गीस, सदस्य-सचिव सतीश चंद्र. एक माजी संरक्षण अधिकारी, एक सैनिक, एक पत्रकार आणि एक मुत्सद्दी. १९६३ च्या चौकशीत दोघेही सेनाधिकारीच होते आणि त्यांची कक्षा सैन्याच्या कामगिरीपुरती होती. मंत्रालय, गुप्तवार्ता, राजकीय नेतृत्व यांच्या कागदांकडे पाहण्याची मुभा त्यांना नव्हती. १९९९ च्या समितीने आजी-माजी राजकारणी, अधिकारी, सेनानी अशा शंभराहून अधिक लोकांशी बोलून डिसेंबरात अहवाल दिला.

अहवालाचे सर्वांत टोकदार परिच्छेद कारगिलच्या डोंगरांवर नाहीत, दिल्लीच्या इमारतींवर आहेत. देशाची सुरक्षाव्यवस्था लॉर्ड इस्मे यांनी आखून दिलेल्या आणि माउंटबॅटन यांनी शिफारस केलेल्या चौकटीतच बावन्न वर्षे चालली आहे, असे समितीने नोंदवले. १९६२, १९६५, १९७१, अण्वस्त्रे, काश्मीरमधील छुपे युद्ध, इतके सारे घडून गेले तरी चौकट तीच. सैन्याची मुख्यालये सरकारच्या सर्वोच्च निर्णययंत्रणेच्या बाहेर असलेली भारत ही बहुधा एकमेव मोठी लोकशाही आहे, हेही निरीक्षण तिथलेच. आणि गुप्तवार्तेबद्दल : माहितीचे तुकडे अनेक यंत्रणांकडे होते, ते एकत्र जोडून पाहणारे कोणी नव्हते. हे वाक्य लिहिणाऱ्या समितीचा अध्यक्ष स्वतः कधीकाळी संयुक्त गुप्तवार्ता समितीचा प्रमुख होता, हे लक्षात घ्या.

टीका झाली आणि ती रास्त होती. समितीने एकाही व्यक्तीवर जबाबदारी निश्चित केली नाही; तिच्या कार्यकक्षेत ते नव्हतेच, पण पाचशेहून अधिक सैनिक गमावलेल्या देशाला हे उत्तर पुरेसे नव्हते. तिला साक्षीदारांना सक्तीने बोलावण्याचा कायदेशीर अधिकार नव्हता. सरकारच्याच सल्लागार मंडळाचा निमंत्रक सरकारच्या गाफीलपणाचा आढावा घेतो, यालाही अनेकांनी हरकत घेतली. माझ्या मते शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. सुब्रह्मण्यम यांचे बळ ते आत-बाहेर दोन्हीकडे वावरू शकत यात होते आणि मर्यादाही त्यातच होती. ज्यांची चूक दाखवायची ते सारे त्यांचे जुने सहकारी होते.

तरीही कागद बाहेर आला, आणि बाहेर आल्यामुळे तो गुंडाळून ठेवता आला नाही. अडवाणींच्या अध्यक्षतेखालील मंत्रिगटाने २००१ मध्ये त्याच्या आधारे व्यापक शिफारशी केल्या. तिन्ही दलांची संयुक्त गुप्तवार्ता संस्था २००२ मध्ये आणि तांत्रिक गुप्तवार्तेची एनटीआरओ २००४ मध्ये उभी राहिली. मंत्रिगटाने सुचवलेले संरक्षण दलप्रमुख हे पद मात्र १ जानेवारी २०२० ला जनरल बिपिन रावत यांनी स्वीकारेपर्यंत कागदावरच होते.

१९९९ मध्येच सुब्रह्मण्यम यांना पद्मभूषण जाहीर झाला होता. त्यांनी तो नाकारला. नोकरशहांनी आणि पत्रकारांनी सरकारी सन्मान घेऊ नयेत, असे कारण दिले. ते दोन्ही होते. २ फेब्रुवारी २०११ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.

आयडीएसए आता सप्रू हाऊसमध्ये नाही आणि तिचे नावही बदलले आहे. २०२० पासून ती ‘मनोहर पर्रीकर इन्स्टिट्यूट फॉर डिफेन्स स्टडीज अँड अ‍ॅनालिसिस’ आहे. कराडच्या एका संरक्षणमंत्र्याने सुरू केलेली संस्था म्हापशात जन्मलेल्या दुसऱ्या संरक्षणमंत्र्याच्या नावाने ओळखली जाते. तिचे प्रकाशित साहित्य बऱ्याच प्रमाणात तिच्या संकेतस्थळावर वाचायला मिळते, तेव्हा ज्यांना या विषयात शिरायचे आहे त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. कारगिलचा अहवालही शोधून वाचा. भाषा सरकारी आहे, पण चिकाटी धरली तर फळ मिळते.

हेंडरसन ब्रुक्स अहवालाचा काही भाग पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल यांनी मार्च २०१४ मध्ये इंटरनेटवर टाकला. भारत सरकारच्या दफ्तरी तो अहवाल अजूनही गोपनीयच आहे.